नाळेवरचा पहारा

दिवा बारीक कर हवं तर, पण विझवू नकोस. आणि भुताची गोष्ट म्हणून रात्रीची वाट बघत बसाल तर फसाल. ही भर दुपारची आहे. गुरुवार, दोन वाजून दहा मिनिटं. माझ्या साडूच्या बाबतीत घडली. पत्ते खेळतानासुद्धा लबाडी न जमणारा माणूस. आयुष्यात एकदाच खोटं बोलला, त्याचीच ही गोष्ट.

साडू प्रवासी जहाजावर खलाशी होता. हौशी लोक पंधरा-पंधरा दिवस फिरायला जातात ना, तसलं मोठं जहाज, पोहायचा तलावबिलाव असलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर लागणार, म्हणून तो कठड्याला रंग लावत होता. प्रवाशांची जेवणं उरकली आणि धुकं आलं. आलं म्हणजे कसं, तर हातातला ब्रश दिसेना. जहाज मुंगीच्या पावलांनी चालायला लागलं. दर दोन मिनिटांनी भोंगा. प्रवासी नुसते आत-बाहेर करत होते. दिसेल त्याला विचारायचे, "उद्या उतरायला मिळणार ना हो?"

इतक्यात सारंग आला. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. म्हणाला, "ब्रश ठेव. नाळेवर जाऊन उभा राहा. काही दिसलं, काही ऐकू आलं, की वर फोन कर."

नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. धुक्यात तिथे माणूस ठेवतात आणि तो वरच्या साहेबाला फोनवरून कळवतो.

साडू म्हणाला, "दुसऱ्या कोणाला पाठवा ना."

"का रे? तुला काय अक्षता देऊन बोलवू?"

गेला बिचारा. पण त्याचे पाय उचलत नव्हते, आणि त्याला कारण होतं.

दोन वर्षांपूर्वी अशाच धुक्यात तो आणि त्याचा जोडीदार त्याच टोकावर उभे होते. जोडीदाराला सगळे बुटक्या म्हणायचे; ठेंगणा, घोगऱ्या आवाजाचा. साडूला गारठा सोसेना. बुटक्या म्हणाला, "जा, चहा पिऊन ये. येताना मलाही आण." साडू गेला आणि गप्पांत वीस मिनिटं रमला. परत आला तर टोक रिकामं. बुटक्या पुन्हा कोणाला दिसला नाही.

चौकशीत साडू घाबरला. म्हणाला, "मी शेजारीच होतो. तो मस्करीत कठड्यावर चढला, किती सांगितलं तरी ऐकेना." बुटक्याच्या बायकोला तेच कळवलं गेलं. तुझा नवरा स्वतःच्या मस्तीने गेला.

हे मनात घेऊन साडू नाळेवर उभा राहिला. जागचा हलला नाही. डाव्या हाताशी फोन, समोर पांढरं. भोंगा वाजायचा... मग शांत. पुन्हा भोंगा... पुन्हा शांत. त्या शांततेत आपल्याच श्वासाचा आवाज त्याला मोठा वाटायला लागला. नीट ऐकलं तर श्वास दोन होते.

त्याने आपला रोखून धरला.

दुसरा चालूच होता.

तेवढ्यात पायाखालची थरथर थांबली. इंजिन बंद. जहाज कण्हल्यासारखं उजवीकडे वळलं आणि डाव्या अंगाने, दगड मारला तर लागेल इतक्या जवळून, एक लाकडी होडी निघून गेली. आत दोन माणसं. तोंडं उघडी... आवाज नाही. धुक्याने गिळली.

फोन वाजला. वरचे साहेब. "शाब्बास! अर्धं मिनिट उशीर झाला असता तर संपले होते ते. कोणी पाहिली आधी?"

"साहेब... मी फोन केला नाही."

"मग तुझ्या जोडीदाराने केला असेल. 'डावीकडे होडी' म्हणाला. घोगऱ्या आवाजाचा."

"साहेब, मी एकटाच आहे."

 पलीकडून फोन खाली ठेवल्याचा आवाज.

साडूने पळायला हवं होतं. पण एकदा पळाला होता ना... तो उभा राहिला. भोंगा वाजला. थांबला. आणि अगदी तोंडासमोर, जिथे नुसतं धुकं होतं तिथून, कोणीतरी विचारलं,

"आणलास?"

साडू रडला. म्हणाला, "नाही रे. मी नव्हतोच इथे. खोटं बोललो मी. सांगतो सगळ्यांना. आजच सांगतो."

तो दुसरा श्वास थांबला.

सव्वातीनला धुकं उठलं. साडू तसाच थेट कप्तानाकडे गेला आणि एका दमात सगळं ओकला. बुटक्याच्या बायकोला स्वतः पत्र लिहीन म्हणाला. नोकरी जाणार हे ठाऊक होतं, आणि पुढे गेलीच. कप्तान म्हातारा, मोजकं बोलणारा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चल, जागा दाखव."

नाळेवर आले. सगळी जमीन धुक्याने भिजून चकाकत होती. जिथे साडू तासभर उभा होता, तिथे त्याच्या बुटांचे दोन कोरडे ठसे.

"हे तुझे?" कप्तानाने विचारलं.

"हो."

कप्तान खाली वाकला... आणि वाकलेलाच राहिला.

त्या बुटांच्या समोर, कठड्याच्या बाजूला, आणखी दोन ठसे होते. अनवाणी, आखूड. बोटं समुद्राकडे नाही, जहाजाकडे. साडूच्या बुटांना जवळजवळ टेकलेली.

तेही कोरडे. ठणठणीत.