दोन बोटं पाणी

तक्रार अगदी साधी होती. स्पाच्या फवाऱ्यांना जोर नाही.

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात. घरचा पोहण्याचा तलाव, त्याला लागून गरम पाण्याचा छोटा हौद, म्हणजे स्पा, आणि दोन्हींचं पाणी फिरवणारा एकच पंप. कुठे काही अडलं की फवारे मलूल होतात आणि मला फोन येतो. बहुतेक वेळा जाळीत पानं साचलेली असतात, नाहीतर फिल्टर तुंबलेला असतो. एकदा एका घरी पंपातून बाहुलीचं डोकं निघालं होतं. घरातल्या धाकटीने मग ते माझ्याकडून असं हिसकावून घेतलं, जसं काही मीच चोरलं होतं.

हे घर उताराच्या गल्लीतलं शेवटचं. दार बाईंनी उघडलं. सत्तरी ओलांडलेली, पण खांदे अजून पोहणाऱ्या माणसाचे. आसपासच्या कितीतरी पोरांना त्यांनी याच तलावात पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे सगळ्यांसाठी त्या नुसत्या ‘बाई’. आता गुडघे कामातून गेले होते. संध्याकाळी स्पात बसून, फवाऱ्यांसमोर गुडघे धरले, तरच त्यांना रात्री डोळा लागायचा.

“सकाळी ठीक असतं गं,” त्या हळूच म्हणाल्या. “जेवून मी जरा आडवी झाले, की हा पंप खोकायला लागतो. पण हे माझ्या मुलासमोर बोलू नकोस.”

“का बरं?”

“तो निमित्तच शोधतोय. तलाव बुजवायचा आणि आईला घेऊन जायचं. तिकडे माझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय.”

मुलगा मागच्या अंगणातच होता. माणूस वाईट नव्हता. आईची काळजी करून करून थकलेला दिसत होता.

“ताई, खरं सांगा, तलाव गळतोय ना?” त्याने विचारलं. “आई इथे एकटी. ओल्या फरशीवर पाय घसरला तर हाक मारायला कोण आहे? या आठवड्यात दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर मी माती टाकून मोकळा होतो.”

बाई खिडकीतून तलावाकडे बघत होत्या.

मी कामाला लागले. जाळी स्वच्छ होती. फिल्टर उलटं पाणी सोडून धुतला. पंपाच्या झाकणाचा वॉशर जरा कडक झाला होता, तो बदलला. आतला पंखाही हाताने फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरत होता. पंप चालू केल्यावर स्पाचे फवारे असे उसळले की माझी बाही भिजली. काम झालं म्हणून मी हत्यारं आवरायला घेतली.

जेवणं झाली. बाई खोलीत आडव्या झाल्या. अंगणात ऊन असं पसरलं होतं की सावल्यासुद्धा झोपल्यासारख्या वाटत होत्या. आणि पंप खोकला.

झाकणाच्या काचेतून पाहिलं तर आत बुडबुडेच बुडबुडे. पंप हवा ओढत होता. तलावाच्या भिंतीत, पाण्याच्या रेषेवर, पाणी आत घेणारी एक चौकोनी फट असते. पाणी तिच्या खाली गेलं की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. तसंच झालं होतं. पाणी दोन बोटं उतरलं होतं.

म्हणजे मुलाचं बरोबर होतं, तलाव गळत होता. मी पंप बंद केला, वरून भर घालणारा नळ घट्ट आवळला, पाण्याच्या रेषेवर पट्टी चिकटवली आणि भेगा शोधायला लागले. संशय आला तिथे पाण्यात रंगाचा थेंब सोडायचा. भेग असेल तर रंग तिकडे ओढला जातो. मी कडेकडेने सगळा तलाव पालथा घातला. रंग कुठेच गेला नाही. सोडला तिथेच लोंबकळत राहिला, धुरासारखा.

उन्हं कलली, आत बाई उठल्याची चाहूल लागली, आणि मी पट्टीकडे पाहिलं. पट्टी पाण्याखाली होती. दोन बोटं.

नळ आवळलेलाच होता. मी दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी पाणी उतरलं, संध्याकाळी चढलं. गळून गेलेलं पाणी परत येत नाही, एवढं मला कळतं. पाणी न घालता, न काढता तलावाची रेषा खाली जायची एकच रीत आहे, आत असलेलं कुणीतरी बाहेर यावं लागतं. आणि या तलावात दोन बोटांचा फरक पडायला एखादी म्हैस तरी बाहेर यायला हवी. मी स्वतःशीच हसले. मग माझ्या लक्षात आलं की मी पाण्यापासून बरीच लांब येऊन उभी आहे.

बाईंना सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. त्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

“दुपारी माझ्या पायाशी कुणीतरी येऊन बसतं,” त्या म्हणाल्या. “गार असतं. ओझं असतं, पण लागत नाही. गुडघ्यांवर कुणी हात ठेवावा तसं. त्या वेळी अजिबात दुखत नाही बघ.”

“कोण?”

“कधी विचारलं नाही.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “नवीन पोर शिकायला आलं की मी सुरुवातीला काहीच विचारायची नाही. बिचकतात.”

इलाज सोपा होता. नळ सोडून तलावात दोन बोटं पाणी जास्त भरलं. आता दुपारी रेषा उतरली तरी फटीच्या वरच राहत होती. पंप खोकायचा थांबला. मुलगा आला, पँट वर दुमडून त्याने स्पात पाय सोडले, आणि फवाऱ्याच्या जोराने दचकून हसला. लहान मुलासारखा.

“काय झालं होतं?”

“पाणी कमी पडत होतं,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

तो बराच वेळ पाय हलवत बसला. मग म्हणाला, “राहू दे मग. तिला इथेच बरं वाटतं.” आत भांड्यांचा आवाज थांबला होता. बाई ऐकत असाव्यात.

पुढे बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. थोडे दिवस मुलाकडे राहणं भाग होतं. निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

“दुपारची येऊन बसशील का गं इथे? कुणीतरी असलेलं बरं. घर अगदीच रिकामं नको.”

मी हो म्हणाले. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

पहिल्याच दुपारी गेले. तलावातला कचरा काढला आणि स्पाजवळच्या आरामखुर्चीवर टेकले. पाण्यावरच्या उन्हाची जाळी भिंतीवर हलत होती, वर जात होती, खाली येत होती. पंप एका सुरात गुणगुणत होता. डोळे मिटायचे नव्हते, मिटले.

पावलांवर गारवा आला. मग ओझं. लागत नव्हतं. कुणीतरी अदबीने बसावं तसं.

मी डोळे उघडले नाहीत. भीती वाटायला हवी होती, पण सकाळपासून चालून दुखणारे पाय दुखायचे थांबले होते. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

जागी झाले तेव्हा उन्हं उतरली होती. पायाशी कुणी नव्हतं.

पाण्याची रेषा खालीच होती.

मी थांबले. अंगणातला दिवा लागला, शेजारच्या खिडक्या उजळल्या. पाणी चढलं नाही.

बाईंना फोन केला.

“झोप कुठली इथे,” त्या म्हणाल्या. “पायाशी नुसतं रिकामं रिकामं वाटतं. तिकडे सगळं ठीक ना?”

“ठीक आहे,” मी म्हणाले.

कुलूप लावलं, गाडी काढली. उतारावर ब्रेक जरा जास्तच दाबावा लागला.

घरी नवरा फाटकातच उभा होता. मी गाडी लावून उतरले, तसा तो मागे जाऊन चाकांकडे वाकून बघायला लागला.

“काय भरून आणलंस एवढं?” तो म्हणाला. “मागून पार बसलीय गाडी.”

मागे एक पाइप होता आणि एक रिकामा डबा. मी तसं सांगणारच होते.

आम्ही दोघं बघत असतानाच गाडीची मागची बाजू हळूच वर आली. दार बंदच होतं.