डाव्या हातातली तलवार

"डावखुरी आहे, म्हणूनच तर केली," सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या. "नाहीतर स्थळं काय कमी होती?"

वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून नवी सून बोळात उभी होती. हे वाक्य तिच्यासाठी नव्हतं. चोरून ऐकायचा तिचा स्वभावही नव्हता, पण घर असं बांधलेलं की स्वयंपाकघरातलं बोलणं बोळात फेरी मारल्याशिवाय विरतच नसे. हात कपड्यांनी भरलेले. कान झाकायचे कशाने?

तिला राग नाही आला, हसू आलं. माहेरी या हातापायी तिने काय कमी ऐकलं होतं? पेन्सिल डाव्या हातात गेली की बोटांवर फूटपट्टी, पाहुण्यांपुढे पाण्याचा पेला डाव्या हाताने केला की मागून चिमटा. "हिचं सगळंच उलटं" हे तर तिला नावासारखं चिकटलं होतं. पुढे ती कपडे बेतायला शिकली, शिंप्याच्या मोठ्या दुकानात कापणारी म्हणून लागली, तेव्हाही साध्या कात्रीने तिच्याकडून कापड कापलं जायचं नाही, कुरतडलं जायचं. शेवटी पहिल्या पगारातून तिने डाव्या हाताची कात्री मागवली. उलट्या पात्यांची. तेव्हापासून कापड जणू तिचं ऐकायला लागलं. उजव्या हाताने मात्र तिला कागदाची साधी पट्टीही कापता येत नसे.

लग्न ठरवायला ही मंडळी आली, तेव्हा सासूबाईंनी ती कात्री बघायला मागितली होती. मग म्हणाल्या, जरा कापून दाखव. तिने एका चिंधीवर गळ्याचं वळण कापलं. सासूबाई कापडाकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या मनगटाकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, चला, उजवं-डावं न करणारं एक तरी घर सापडलं. तिने होकार दिला तो नवऱ्याकडे बघून कमी आणि त्या डोळ्यांकडे बघून जास्त.

सासरी पुढे टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि मागे घर. सासरे पूर्वी दुकान बघत, आता नवरा बघे. सासरे दिवसभर खुर्चीत बसत आणि विचारलं तरच बोलत. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिची कात्री वरच्या कपाटात ठेवून दिली. धारेची वस्तू उघड्यावर नको, म्हणाल्या. आणखी एकच गोष्ट सांगितली: बोळाच्या टोकाच्या खोलीतलं कुठलंही बटण बंद करायचं नाही.

ती खोली थोरल्या दिरांची. ते गेलेत हे तिला लग्नाआधीच सांगितलेलं होतं; कसे गेले ते तिने विचारलं नव्हतं. दाराला कुलूप नव्हतं, दार नुसतं लोटलेलं असे. खालच्या फटीतून निळसर उजेड बोळात सांडायचा, तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि सतत एक बारीक घुर्रर्र… झोपेत कुणी दात दाबून श्वास घ्यावा तशी. वीज गेली की सारं घर अंधारात बुडे, पण त्या फटीतला उजेड तसाच राही. इन्व्हर्टर फक्त त्या खोलीला होता.

फोनवरचं ते वाक्य ऐकलं त्याच दुपारी, जेवणं आटोपल्यावर, सासूबाईंनी तिचा हात धरला.

"चल. तुला दादा दाखवते."

दाखवते. शब्द तिला खटकला, पण ती गेली. मागोमाग नवरा आला, आणि कधी नव्हे ते सासरेही खुर्चीतून उठून आले.

खिडकीवर दुहेरी पडदे होते. बाहेर रणरणतं ऊन, आत तळघरासारखा अंधार. नवऱ्याने समजावून सांगितलं, टीव्हीच्या वर ती काळी पट्टी आहे ना, ती खेळणाऱ्याचा हात बघते. ऊन आलं की तिला हात दिसत नाही. त्याचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला सांगतानाचा होता, सपाट.

टीव्हीवर व्हिडिओ गेममधलं एक पडीक किल्ल्याचं अंगण होतं. मध्ये एक योद्धा पाठमोरा उभा, डाव्या हातात तलवार. समोर, कमानीखाली, डोक्यापासून पायापर्यंत चिलखतातला दुसरा. दोघंही जागच्या जागी श्वास घेत होते. खांदे वर, खांदे खाली.

हाच खेळ खेळत असताना दादा कोसळले होते, ऐन लढाईत. खेळ सेव्ह केलेला नव्हता. टीव्हीखालचा खेळाचा डबा बंद केला असता तर हा योद्धा, हे अंगण, दादांनी इथवर केलेली वाटचाल, सगळं पुसलं गेलं असतं. म्हणून तो बंद केलाच नाही. हातात धरून खेळायच्या कंट्रोलरचे सेल सासूबाई न चुकता बदलत. दिव्यात तेल घालावं तसे, तिच्या मनात आलं, आणि मग तिने तो विचार तिथेच सोडला.

"यात बटणं दाबून लढायचं नसतं," नवरा म्हणाला. "आपला हात फिरेल तशी तलवार फिरते. हात थांबला की ती थांबते."

कंट्रोलर टेबलावर पडला होता. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. आणि पडद्यावरची तलवार हलत होती. थोडीशीच. टोक वळायचं, खाली झटका खायचं, पुन्हा वळायचं.

तिने नवऱ्याकडे बघितलं.

"सेन्सर सरकतो कधी कधी," तो म्हणाला. "जुना झालाय." पण हे म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

सासूबाई हळू आवाजात बोलू लागल्या. तो थकलाय गं, म्हणाल्या. लढाई संपल्याशिवाय तो जायचा कसा? सगळ्यांनी करून बघितलं. याने बघितलं, यांनी बघितलं, त्या स्वतःसुद्धा कंट्रोलर घेऊन उभ्या राहिल्या होत्या. पण या घरात सगळे उजव्या हाताचे. तलवार हातात ठरतच नाही, गळून पडते.

"एकदाच," नवरा तिच्या कानाशी म्हणाला. "आईसाठी."

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ज्या हाताने जन्मभर बोलणी खाल्ली, त्या हाताकडे तीन माणसं देवाकडे बघावं तशी बघत होती. माणूस अशा वेळी नाही म्हणायला कुठून शिकतो? ती तरी शिकली नव्हती. "सून गरीब आहे हो, आवाज म्हणून नाही," असं सासूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत, ते काही खोटं नव्हतं.

कंट्रोलरला मनगटात अडकवायचा पट्टा होता. तो हातात घेताच तिचं बोट एका गाठीवर अडलं. पट्टा मध्येच कापून पुन्हा शिवलेला होता. टाके घाईचे, उजव्या हाताचे. कापाची कड तिला अंधारातही कळली असती. तिचं कामच ते.

"हा कापला होता?"

मग सासरे बोलले. लग्नानंतर त्यांनी तिच्याशी आपणहून काढलेला तो पहिला शब्द.

"सुटत नव्हता…"

सासूबाईंनी पट्टा तिच्या मनगटात घातला, खालची कडी वर सरकवली. नवऱ्याने कंट्रोलर टेबलावर सपाट ठेवायला सांगितला, खेळाचा नियमच होता तसा. "हलवू नकोस. त्याला तुझा हात कळू दे."

तिने हात निश्चल धरला. घुरघुर थांबली. इतके दिवस त्या आवाजाची सवय झालेली. तो थांबला तेव्हा पहिल्यांदा तिला खोली रिकामी नसल्यासारखी वाटली.

मग तिने हात उचलला आणि तलवार उचलली गेली. चिलखतवाला कमानीतून पुढे आला. त्याची तलवार आडवी धरलेली. ज्या बाजूला फट दिसेल त्या बाजूने वार करायचा. तिला ते सोपं गेलं. कापडावर खडूची रेघ दिसते तशी फट दिसायची, आणि मनगट आपोआप त्या रेघेवरून जायचं. मागून सासूबाई कुजबुजल्या. "बघ… ऐकतेय तलवार…"

एक वार. दुसरा. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं की तलवार आधी निघते आणि हात नंतर.

तिने हात थांबवला. हात थांबला नाही. मनगट आतल्या बाजूला वळलं, खाली झटका बसला, पुन्हा वळलं. तिने उजव्या हाताने डावा दंड धरून ठेवला, तर उजवाही सोबत ओढला जाऊ लागला.

"वार करतोय!" नवरा पुटपुटला. "दादाचाच वार आहे हा, आई…"

वार नव्हता तो. ती शिंप्याच्या दुकानात तयार झालेली कारागीर. ही हालचाल तिने शेकडो वेळा बघितली होती. बाही अरुंद शिवली गेली, कफात हात अडकला, की गिऱ्हाईक कपडा घालून बघताना पडद्याआड असंच करतं. आत वळवतं, खाली झटकतं, पुन्हा वळवतं. दादा लढत नव्हते. इतके दिवस ते तलवार चालवत नव्हते. ते पट्टा सोडवत होते, आणि ही माणसं मायेने सेल बदलत होती.

तिला ते सांगायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा फक्त हवा आली.

शेवटचा झटका इतका जोराचा होता की खांद्यातून कळ गेली. पडद्यावर तलवार खणकन दगडांवर पडली. पाठमोरा योद्धा रिकाम्या हाताने उभा राहिला. मग त्याने उजव्या हाताने आपलं डावं मनगट चोळायला सुरुवात केली. सावकाश, बराच वेळ.

"मनगट चोळतोय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "खेळून उठला की असाच चोळायचा… असाच…"

योद्धा चिलखतवाल्याच्या शेजारून चालत गेला, कमानीतून, मागे न बघता. चिलखतवाल्याने त्याला अडवलं नाही. सासूबाई धाकट्या लेकाच्या गळ्यात पडून रडत होत्या, सासऱ्यांनी भिंतीला कपाळ टेकलं होतं. सुटला, सुटला, एवढंच कुणीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होतं.

तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि टीव्हीकडेही कुणी बघत नव्हतं.

अंगणात आता चिलखतवाला एकटाच होता. त्याने मान वळवली, ती नुकत्याच गेलेल्या माणसाच्या दिशेला नाही. सरळ समोर, खोलीकडे. दगडांवर पडलेली तलवार कुणी न धरता उचलली गेली, आणि तलवारीसोबत सुनेचा डावा हात.

उजव्या हाताने ती पट्ट्याची कडी खाली ओढू लागली. कडी वर सरकली. बोटं गार पडत चालली होती, टोकांपासून. घुरघुर पुन्हा सुरू झाली होती, आणि ती आता डब्यातून येत नव्हती. तिच्याच दातांमधून येत होती.

या घरात आल्यापासून ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. आता बोलली.

"आई, दादांचा पट्टा ज्या कात्रीनं कापलात ती आणा. माझी नको, ती तुमच्या उजव्या हाताला चालायची नाही, तीच आणा… आणि त्यांच्या वेळी केलात तेवढा उशीर करू नका."