धक्के कुणी खाल्ले

रिकामी पिकअप उडते, याचे कारण साधे आहे. तिचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचे थर, मालाच्या वजनासाठी घडवलेले असतात; माल नसला की ते आपली सारी ताकद रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत इमानाने पोचवण्यात खर्च करतात. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. हे ज्ञान मला होण्याचे काही कारण नव्हते. परंतु माझ्या बायकोच्या मणक्यात स्क्रू बसवून शल्यविशारदांनी तिला घरी धाडले आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात अशा सुरात बजावले, "हाड जुळेपर्यंत एकही गचका नको. नाहीतर पाय जातील." तपासणीला मात्र त्यांच्याच दारात न्यायचे होते. तिला सोडायला आलेली रुग्णवाहिका आमच्या रस्त्यावर पुन्हा यायला तयार नव्हती. तिच्या कमानपाट्यांची काळजी करणारे कुणीतरी होतेच. तेव्हा मेहुण्याने आपली जुनी पिकअप आणून लावली.

"मागे गादी टाका भाऊजी, ताई राणीसारखी जाईल."

मी गाडी आधी मिस्त्रीकडे नेली. त्याने पाट्यांच्या थरातला एक पाटा काढला, उरलेल्यांना ग्रीस फासले, फुटलेले रबरी बुश बदलले, नवे मऊ शॉकअप चढवले, टायरांतली हवा कमी केली. हे सारे करताना तो गाडीखालून अखंड बोलत होता.

"धक्का नाहीसा होत नसतो, सर. कुणाला तरी खावाच लागतो. आजवर तुम्ही खात होता, आता गाडी खाईल."

"आणि तिने नाही खाल्ला तर?"

"मग शेजारी खातील!" तो आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

चाचणीसाठी आम्ही दोघेच निघालो. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता. खडीचा रस्ता, गतिरोधक, नाल्यावरची उखडलेली फरशी, सारे चाकांखालून गेले. पेल्यातले पाणी हलले नाही. मिस्त्रीचे बोलणे थांबले. इतके चांगले काम आपल्या हातून झाले असेल, यावर त्याचाही विश्वास बसत नव्हता.

घरी आलो तर बायकोने पलंगाची कड घट्ट धरली होती. ओठ पांढरे पडले होते.

"अहो, कुठे होता तुम्ही? किती आपटलं मला!"

गोळ्यांची गुंगी, असे मी तिला सांगितले. अज्ञानाला भारदस्त नाव देण्याचा आमच्या व्यवसायाचा हा जुना परिपाठ आहे. दुसऱ्या दिवशी मी तिच्या उशाशी बसलो आणि मिस्त्रीला एकट्यालाच गाडी घेऊन पाठवले. पलंग स्थिर होता. तिपाईवरचे औषध बाटलीत स्थिर होते. तिचे शरीर मात्र एकदम वर उचलले गेले आणि आदळले. ती किंचाळली. मी फोन लावला.

"आत्ता काय झालं?"

"गतिरोधक गेला, सर. कळलासुद्धा नाही! एकदम लोणी!"

"गाडी थांबव. आहेस तिथेच."

पण ती आहे तिथेच ठेवता येण्याजोगी नव्हती. भर रस्त्यात उभी गाडी कुणीही हलवली असती. मिस्त्रीने ती बैलगाडीपेक्षा सावकाश अंगणात आणली आणि तेवढ्या वेळात मी माझ्या बायकोला दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरले. जुना पाटा, जुने शॉकअप भंगारात गेले होते. मी चाके काढायला लावली, अ‍ॅक्सलखाली विटा रचायला लावल्या आणि चाके कोठीत कुलूपबंद केली.

तेव्हापासून आम्ही दोघे या घरात आहोत. गाडी विकावी, तर घेणारा चालवणार. भंगारात द्यावी, तर ते लोक ती घणाने फोडणार. बायकोला त्याच गाडीत घालून पाहण्याचा प्रयोग करण्याइतका मी विद्वान नाही. तपासणीची तारीख टळली. मेहुणा फाटकाशी येऊन ओरडून गेला.

"ताईसाठी दिली होती, भाऊजी! तिला दवाखान्यात नेत नाही, मला परत देत नाही. संग्रहालय काढताय का?"

मी त्याला कारण सांगितले. त्यावर तो मृदू आवाजात, वेड्याशी बोलावे तसा, पुन्हा येतो म्हणाला.

काल दुपारी जेवणानंतर मी खिडकीपाशी बसलो होतो. उन्हात गाडी विटांवर उभी होती.

"निघाली," बायको म्हणाली.

मी वळून पाहिले. तिचे अंग हळूहळू डुलत होते. गचके नव्हते.

"अगं, गाडी इथेच आहे. मला दिसते आहे."

"डावीकडे वळली. आता चढ."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तळव्याला गुळगुळीत डांबराची थरथर लागली.

"कोण चालवतंय?"

"मला कसं दिसेल?" ती वैतागून म्हणाली. "मी मागे आडवी आहे."

थरथर मंदावली.

"थांबली," ती म्हणाली.

मी बाहेर पाहिले. अंगणात कुणी नव्हते. गाडीचे मागचे कमानपाटे सावकाश दबले, कुणी चढल्यावर दबतात तसे, आणि दबलेलेच राहिले.

मी पलंगाकडे वळलो. शस्त्रक्रियेनंतर जी आपणहून कूसही बदलू शकली नव्हती, ती माझी बायको भिंतीकडे सरकली होती. गादीवर एका माणसापुरती जागा तिने करून दिली होती.