चौथ्या दिवसाचा चहा

आयर्लंडची सहल आम्ही नऊ वर्षं आखत होतो. फ्रीमाँटच्या टाउनहाऊसमध्ये, रविवारी सकाळी पोहे झाले की आश्लेषा टीव्हीला लॅपटॉप जोडायची आणि नकाशावरच्या रस्त्यांचे फोटो उघडायची. बाण दाबला की दहा पावलं पुढे. अशी ती गाडी चालवायची. नियम तिचेच. हायवे नाही. दिवसाला ऐंशी किलोमीटरच्या वर नाही. ज्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय तोच आपला. मी शेजारी बसून ऑफिसच्या ईमेल बघायचो. खोटं कशाला बोलू.

ती वहीत लिहायची. निळं फाटक, डावीकडे. दोन गाढवं. पडकं चर्च, इथे नैनाचा फोटो. चौथा दिवस: बुटकी दगडी भिंत, पलीकडे समुद्र, इथे चहा. त्या चहासाठी तिने थर्मास आणि स्टीलचे दोन पेले आणले होते. लेबलंही काढली नव्हती. ओट्यावरच्या फळीवर मांडून म्हणायची, यांचं उद्घाटन तिकडेच.

तीनदा तिकिटं काढली, तीनदा कॅन्सल केली. मीच. इथल्या आपल्या माणसांना कारण विचारावं लागत नाही: स्टॅम्पिंग. देशाबाहेर पाऊल टाकलं की परतायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा. तो अडकला की घर, नोकरी, पोरीची शाळा इकडे आणि आपण तिकडे. ग्रीन कार्ड आलं की जाऊ, मी म्हणायचो.

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मिहीर, मी आपली पुढे जाऊन भिंतीवर बसते. तू ये तुझं कार्ड घेऊन."

मी हसलो होतो.

फेब्रुवारीत ती गेली. डोक्यातली एक नस, हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस, संपलं. कार्डं जुलैत आली. दोन. माझं आणि नैनाचं. सोबत स्वागताचं पत्र. दुःखाने माणूस शहाणा होतो म्हणतात. थापा. मी ते पत्र बुटाखाली तुडवलं, मग हाताने इस्त्री केल्यासारखं सरळ करून फाइलला लावलं. असा माणूस मी.

त्याच आठवड्यात चौदा सप्टेंबरची तिकिटं काढली. रविवारी तिची वही घेऊन टीव्हीसमोर बसलो.

पडद्यावर पहिले तीन दिवस सगळं वहीबरहुकूम. गाढवंसुद्धा. चौथ्या दिवसाच्या भिंतीवर एक बाई बसली होती. पाठमोरी, तोंड समुद्राकडे, अंगात मरून कार्डिगन. कोपऱ्यात फोटोची तारीख, जून २०११. तेव्हा आम्ही पुण्यात होतो, लग्नही ठरलेलं नव्हतं. ही भिंत आश्लेषाने मला पन्नासदा तरी दाखवली असेल. बाई आठवेना. पण मी ईमेल बघत होतो ना. आठवणार काय.

पुढच्या रविवारी फोटो तोच, तारीख तीच. बाईच्या शेजारी मात्र काहीतरी चमकत होतं. मोठं करून पाहिलं. दोन पेले.

नैना बशी हातात घेऊन मागे उभी होती. दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"दॅट्स आई," ती म्हणाली. शाळेची बस आली, असं सांगावं तसं.

मी म्हटलं, काहीही काय, कुणी टुरिस्ट असेल. आईचं कार्डिगन आपण मार्चमध्येच देऊन टाकलं.

"आय नो. शी लुक्स कोल्ड, बाबा." मग जरा वेळाने, "यू वोन्ट कॅन्सल, राइट?"

"नाही."

तिसऱ्या रविवारी बाईची मान वळलेली होती. रस्त्याकडे, म्हणजे आमच्याकडे. चेहरा पुसट. त्या फोटोंत सगळ्यांचेच चेहरे पुसट करतात. डाव्या मनगटावर पांढरा पट्टा होता, पेशंटला नावाचा घालतात तसा. मी इंजिनिअर आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर पाहिलं, फोनवर पाहिलं, लायब्ररीत जाऊन तिथल्या मशीनवर पाहिलं. ती सगळीकडे होती. वाट बघत.

ऑगस्टअखेर आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे सरकलं, नेमकं सप्टेंबरच्या मध्यावर. टीममधली चार माणसं गेल्याच महिन्यात काढली होती. मॅनेजर प्रताप, नागपूरचा, मऊ आवाजात म्हणाला, "तू ठरव यार. मी कुठे जाऊ नको म्हणतोय?"

एवढंच. कार्ड खिशात होतं. स्टॅम्पिंगचं कारण आता उरलं नव्हतं. मी दुसरं शोधलं.

शनिवारी सकाळी नैनाला मराठी शाळेत सोडलं, घरी आलो आणि तिकिटं कॅन्सल केली. चौथ्यांदा. बोटाला सवय होती. मग टीव्ही लावला. आश्लेषाला सांगायलाच, बहुतेक. पुढच्या वर्षी नक्की, असं.

भिंत रिकामी होती.

समुद्र होता. गवत होतं. तारीख तीच.

पेले होते. एक उपडा घातलेला.

मी बाण दाबत सुटलो. वळणापर्यंत. मागे पडक्या चर्चपर्यंत. पुढच्या गावापर्यंत. ती कुठेच नव्हती.

टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात गेलो.

फळीवर दोन्ही पेले होते, लेबलांसकट. एक उपडा होता. मी तसा ठेवला नव्हता.

दुसरा सुलटा. काठोकाठ चहा. बोट बुडवून चाखला. बिनसाखरेचा, मी घेतो तसा.

पार गार. वर साय धरलेली.