काचेच्या आतून आलेला आवाज

खोटं वाटलं तर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि मावशी भुताच्या गोष्टी ऐकून खो खो हसणारी बाई आहे.

मावशी एका सर्पालयात कामाला होती. एकोणीस वर्षं. विषारी सापांच्या काचेच्या खोल्या साफ करायचं काम.

सोमवारची दुपार होती, अडीचचा सुमार. सोमवारी सर्पालय बंद. आत चिटपाखरू नाही.

तिथला नियम कडक. एकाने आत साफसफाई करायची, दुसऱ्याने काचेबाहेरून सापाच्या पेटीवर नजर ठेवायची. आतल्याने विचारायचं, "आहे का?" बाहेरच्याने बघून सांगायचं, "आहे."

त्या दिवशी मावशीने आणि तिच्या जोडीदाराने, लंबूने, हुकाने नाग उचलून कोपऱ्यातल्या पेटीत ठेवला. दोघं बाहेर आले. तेवढ्यात लंबूचा फोन वाजला.

"मी आल्याशिवाय आत जाऊ नकोस हं," म्हणत तो गेला.

मावशी दाराकडे तोंड करून, लंबू गेला त्या बाजूला पाठ करून उभी होती.

थोड्या वेळाने मागून आवाज आला...

"चल, कर सुरू."

मावशी आत गेली. दार ओढून घेतलं. पेटीकडे पाठ करून काच घासायला लागली.

"आहे का?"

"आहे."

मग फरशी.

"आहे का?"

"आहे."

शेवटी पाण्याचं भांडं उचलायला ती वाकली.

"आहे का?"

...

उत्तर नाही.

"अरे लंबू, डुलकी लागली की काय?"

...

"नाही."

हळू आवाजात. अगदी कानाशी.

मावशीचा हात होता तिथेच थांबला. भांडं वीतभर लांब होतं. आणि त्याच्यामागे एक शेपटी सरकत दिसेनाशी झाली...

पेटीचं झाकण दोन बोटं उघडं होतं.

श्वास रोखून, एकेक पाऊल मागे घेत ती बाहेर आली. कडी लावली आणि लंबूला हाक मारली.

लंबू लांबून धावत आला. हातात फोन तसाच.

"आत कशाला गेलीस? मी गेटवर होतो!"

"तूच म्हणालास ना, कर सुरू म्हणून?"

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हा कुठे मावशीच्या लक्षात आलं. त्या जाड काचेतून बाहेरचा आवाज नेहमी घुमून, दबका यायचा. आज तो स्वच्छ ऐकू आला होता.

तो बाहेरून येतच नव्हता.

पेटीची कडी झिजली होती, ती बदलली. आवाजाबद्दल कुणालाच काही सांगता आलं नाही.

मावशीने आठवड्याभरात कासवांकडे बदली करून घेतली.

"मावशी, त्या आवाजाने तुला वाचवलंच की," मी एकदा म्हणाले.

"मग आत कुणी बोलावलं?"



मग तीच पुढे म्हणाली, "मी मागे सरकत होते ना, तेव्हा नागाने फणा काढला होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता गं...

माझ्या खांद्यामागे बघत होता."