रोज सकाळी पुसला जाणारा पत्ता

तो दुकानात शिरला आणि काउंटरवरच्या, गॉगल घातलेल्या प्लॅस्टिकच्या मुंडक्याला अदबीने म्हणाला, "नमस्कार. माझा चष्मा मोडलाय. म्हणजे... मीच त्याच्यावर बसलो."

चष्मेवालीला हसू आवरेना. "मी इकडे आहे. ती काही बोलायची नाही."

"अरे देवा —" तो आवाजाच्या दिशेने वळला. रुमालात भिंगांचे तुकडे होते. मायनस आठ नंबर, म्हणजे हातभर लांबचं जग नुसतं धुकं.

तिने त्याला खुर्चीत बसवलं, नवी फ्रेम नाकावर चढवली आणि अगदी पुढे वाकून, श्वास रोखून, बुबुळांच्या बरोबर समोर, फ्रेमच्या काचेवर, पेनाने एकेक ठिपका दिला. तो तसूभरही हलला नाही. इतकं शहाणं गिऱ्हाईक तिला क्वचितच मिळायचं.

आणि तिला कसं मोकळं मोकळं वाटत होतं! तिच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, कोडाचा पांढरा डाग होता. धंदा असा की नवा चष्मा घातलेला माणूस सगळ्यात आधी पाहणार समोरचा चेहरा, म्हणजे तिचा. मग डाग. मग घाईघाईने भिंतीवरचं घड्याळ. तिच्या लग्नाची बोलणीसुद्धा एकदा त्या घड्याळापाशीच थांबली होती. हा बिचारा मात्र घड्याळाकडे वळणार नव्हता, कारण त्याला ती दिसतच नव्हती.

भिंगांची ऑर्डर पाठवायला ती कॉम्प्युटरकडे वळली, तर कारखान्याची साइट उघडेना. नेट जोडलंय म्हणतोय, पण एक पान उघडेल तर शपथ! हा डेस्कटॉप दादाने बसवलेला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स, आणि दादा जहाजावर नोकरीला.

"मी नेटवर्कचंच काम करतो," तो म्हणाला. "पण स्क्रीनला नाक लावलं तरच अक्षर दिसतं. मग टाइप कोण करणार? तुम्ही वाचा, मी सांगतो."

तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. "साइटला आकड्याने विचारलं की उत्तर येतंय," ती म्हणाली. "नावाने विचारलं की गप्प!"

"म्हणजे रस्ता ठीक आहे. नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर झोपलाय. आपण दुसऱ्यांना विचारू. आता रिझॉल्व्ह नावाची फाइल उघडा... लिहा, नेमसर्व्हर, एक टिंब एक टिंब एक टिंब एक. खालच्या ओळीत आणखी एक."

"दोन कशाला?"

"पहिल्याने तोंड फिरवलं तर?"

"माणसांतही अशी सोय हवी होती," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. साइट उघडली, ऑर्डर गेली, आणि जाताना त्याने आपला फोन नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तर पाटी कोरी. दोन्ही ओळी गायब! तिने फोन लावला. त्याने पुन्हा सांगितल्या. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. ओळी तर तिला केव्हाच पाठ झाल्या होत्या, तरी ती विचारायची आणि तो सांगायचा. मग फोन लांबायला लागला.

"आज दाढीच्या क्रीमने दात घासले."

"काहीतरीच! कळलं कधी?"

"फेस आल्यावर..."

ती हसत सुटायची. मग एक दिवस त्याची भिंगं आली आणि तिचं हसू मावळलं. ती फ्रेममध्ये बसवून तिने चष्मा ड्रॉवरमध्ये सारला. आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तोंडून शब्द फुटेना. पण माणूस रस्त्यावर चाचपडत फिरतोय आणि आपण चष्मा दडवून बसलोय, याची तिची तिलाच लाज वाटली.

तिने फोन करून बोलावलं आणि तो आला. तिने त्याच्या कानांवर काड्या बसवल्या आणि मागे सरकली. त्याने पाहिलं. त्याची नजर घड्याळाकडे वळायची ती वाट बघत राहिली... वळली नाही.

"छान बसलाय," तो म्हणाला. "सरका जरा. हे आता कायमचं करून टाकू."

त्याने सेटिंग्ज उघडली, आपोआप मिळणारा सर्व्हरचा पत्ता बंद केला, तेच दोन आकडे तिथे लिहिले, जोडणी बंद करून चालू केली. "त्या फाइलमध्ये लिहिलेलं मशीन सुरू होताना पुसलं जातं. इथे लिहिलं की टिकतं."

"हे तुम्हाला आज कळलं?"

तो नवाकोरा चष्मा उगाचच पुसू लागला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग?"

"मग तुम्ही रोज फोन कशाला केला असतात?"

"पण तेव्हा तुम्ही मला पाहिलंही नव्हतं!" तिचा हात गालावर गेला. "पाहिलंत ते आज. आता... आता सांगा."

"चष्मेवाल्या ना तुम्ही? मायनस आठला लांबचं दिसत नाही. आणि जवळचं?"

अगदी जवळचं मायनस नंबरवाल्यांना स्वच्छ दिसतं, हे ती रोज पोरांच्या आयांना समजावून सांगायची. आणि ठिपका देताना तिचा चेहरा त्याच्या नाकाशी होता!

"डाग कानापाशी सुरू होतो," तो हळूच म्हणाला, "आणि श्वास रोखला की तुमच्या हनुवटीला खळी पडते. हललो असतो तर तुम्ही मागे सरकला असतात."

तिने इतक्या दिवसांचा रोखलेला श्वास सोडला. हुश्श! छातीवरची धोंड उतरली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"लबाड!"

"आहेच."

त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. साइट झटक्यात उघडली. "आता काही अडायचं नाही," म्हणत तो बाहेर पडला.

तो रस्ता ओलांडून पलीकडे पोचला असेल-नसेल, तोच त्याचा फोन वाजला.

"काय बंद पडलं?"

"काहीच नाही. सगळं चालू आहे. एवढंच सांगायचं होतं." तिने खुर्ची फिरवली आणि डावा गाल दुकानाच्या काचेकडे केला. "तिथून दिसतंय?"

पलीकडच्या फुटपाथवर तो थांबला, वळला. नजर हलली नाही.

"दिसतंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी फोन करशील ना?"