जिन्यातला जास्तीचा वेळ

हातकणंगल्याच्या रेल्वे डबा-संशोधनशाळेत कुमुद हळबे अकरा वर्षं एकाच जिन्यावर अडकून पडल्या होत्या. दुमजली डबा बांधणं अवघड नव्हतं. खालच्या मजल्याचा तळ चाकांच्या मधल्या जागेत खोल उतरवला, वरच्याचं छत विजेच्या तारेखाली जेमतेम बसवलं, की दीडपट माणसं मावत. घोडं अडायचं ते स्टेशनात. दीडपट माणसं तेवढ्याच दारांतून, अरुंद जिन्यावरून चढणार-उतरणार म्हणजे थांबा अडीच मिनिटांवर जाई, मागच्या गाड्या खोळंबत आणि तासाला पोचणारी माणसं पूर्वीइतकीच राहत. चाळीस डब्यांचा प्रस्ताव रेल्वे मंडळानं तीनदा परत पाठवला होता. अट एकच : थांबा तीस सेकंदांचा. चौथ्यांदा परत आला, तर दुमजली विभागाला कुलूप.

अशा वेळी पदार्थविज्ञानाचे डॉ. इर्शाद मुजावर आपले धातूचे कालवाहक पत्रे घेऊन आले. त्यांचं बोलणं कुमुदताईंना आधी शुद्ध थाप वाटली, आणि वाटावी अशीच ती होती.

"वेळ तयार होत नाही, ताई," मुजावर म्हणाले. "इकडचा तिकडे मात्र नेता येतो. दार आणि जिना मिळून एक द्रुतदालन करू. बाहेरच्या एका सेकंदात तिथं सहा सेकंद मावतील. माणूस तीन मिनिटं रमतगमत चढू दे, फलाटावर तीसच सेकंद होतील."

"आणि ही जास्तीची मिनिटं आणायची कुठून?"

"आसनांवरून. जिन्यात जेवढा वेळ खर्च होईल, तेवढा मजल्यांवरचा काळ मंदावेल. माणसं चढून गेली की फरक चिमूटभर. बसलेल्याला प्रवास थोडा लहान वाटेल, एवढंच. ते कुणाला नको असतं?"

कुमुदताईंनी मान डोलावली. चूक झाली ती इथं.

चाचणीची गाडी कोल्हापूर-मिरज धावू लागली. चार दिवस थांबा सत्तावीस सेकंदांचा पडला आणि कुमुदताईंनी संशोधनशाळेत पेढे वाटले. पाचव्या दिवशी रुकडीच्या बाळाबाई मगदूम जिन्याच्या पायरीवर टेकल्या. मेथीच्या चार जुड्या निवडून झाल्या, गोधडीची एक बाजू शिवून झाली, तरी गाडी हातकणंगल्यालासुद्धा पोचेना. ज्या बाईला दिवसात स्वतःची पंधरा मिनिटं मिळत नव्हती, तिला तासाभराच्या प्रवासात अख्खा दिवस सापडला.

पुढं काय झालं ते सांगायला नकोच. मास्तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन जिन्यात आले. परीक्षेची पोरं आली. कागलचा एक पैलवान जयसिंगपूर येईपर्यंत हजार बैठका मारून, अंग पुसून, वर डुलकीही काढी. दोन्ही मजल्यांवरची मऊ आसनं रिकामी, आणि दारात मुंगीला वाट नाही. थांबा चार मिनिटांवर गेला. कुमुदताईंनी पत्रे बंद करा म्हणून मुजावरांना खडसावलं. पत्रे म्हणजे काही दिवा नव्हे, बंद करायचे तर डबा मोडावा लागेल, असं ते खालमानेनं म्हणाले.

मग ताई स्वतः जिन्यात जाऊन हात जोडून आल्या. बाळाबाईंनी सुई थांबवली नाही.

"ताई, प्रवास ल्हान करून मी काय करू? घरात पाय ठेवला की चूल हाय, अंथरुणावरची सासू हाय. माझा म्हणून येळ ह्यो एवढाच. त्योच तुम्ही कमी कराया निघालाय व्हय?"



तपासणीच्या दिवशी मंडळाचे तिघे आले, म्होरके सरनोबतसाहेब. नियम असा की थांब्याची वेळ डब्याच्या आत आसनावर बसून, मंडळाच्याच घड्याळानं मोजायची. तिघे वर जाऊन बसले. कुमुदताई मागं गार्डच्या खोलीत, हातात आपलं घड्याळ. वळिवडे चार मिनिटं, रुकडी चार, हातकणंगले चार. गाडी ऐंशी मिनिटांनी मिरजेत शिरली तेव्हा त्या मनातल्या मनात विभागाचं कुलूपही लावून मोकळ्या झाल्या होत्या.

सरनोबतसाहेब हसत उतरले. प्रत्येक थांबा बरोबर तीस सेकंद, सबंध प्रवास दहा मिनिटांचा, आणि फलाटावरची माणसं तर विजेसारखी हालत होती.

कुमुदताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जिन्यात इतकी माणसं वेळ उपसत होती की वरचा काळ आठपट मंदावला होता, आणि त्याबरोबर मंडळाचं घड्याळही. त्यांनी फलाटावरचं घड्याळ दाखवलं. साहेबांनी ते पाहिलं, आपलं पाहिलं, आणि मिरजेचं घड्याळ सत्तर मिनिटं पुढं आहे, दुरुस्त करा, असा शेरा मारला. चाळीस डबे मंजूर. कुणाची हरकत असेल, तर पाच वाजेपर्यंत कोल्हापूरच्या खिडकीवर, सही-शिक्क्यानिशी, कागदावर. मग साहेब मोटारीनं निघून गेले.

अकरा वर्षं ज्यासाठी झिजल्या ते हातात आलं होतं. गप्प बसायचं होतं, बस्स. पण असे चाळीस डबे या मार्गावर सोडले की सगळी वाहतूक दारात मरणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. साडेतीन वाजले होते. हीच गाडी आत्ता परत सुटून चार वीसला कोल्हापूरला पोचायची होती. पंधरा दिवसांची मापं उतरवून काढायला सहज पाच तास हवेत.

एवढा वेळ जगात एकाच ठिकाणी मिळत होता.

"सरका की जरा, ताईस्नी बसू द्या," बाळाबाई म्हणाल्या.

पायरीवर कागद पसरून कुमुदताई लिहीत बसल्या. जयसिंगपूरला चढणाऱ्यांनी शिव्या घातल्या, त्यांनी मान वर केली नाही. आकृत्या काढल्या, बेरजा दोनदा तपासल्या, खाडाखोड झाली म्हणून शेवटी सगळं स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवलं. चौसष्ट पानं. एकही फट नाही. खाली उतरल्या तेव्हा मनगटावर रात्रीचा दीड वाजला होता आणि स्टेशनात पाच वाजून दहा मिनिटं. दारातल्या गर्दीनं गाडीला पन्नास मिनिटं उशीर झाला होता, आणि त्या गर्दीत एक माणूस जास्तीचं होतं.

खिडकीवरच्या कारकुनानं गठ्ठा तसाच परत सरकवला. सरनोबतसाहेबांचा तपासणीचा अहवाल त्यानं वाचलेला होता.

"मॅडम, जिन्यात कशाला बसलात? वर बसला असतात, तर दहा मिनिटांत आला असतात."